सात सेंटर, दोन गार्ड आणि दोनशे मिनिटं

लातूरहून रात्रीच्या एसटीने नांदेडला परत येत होतो. विभागीय स्पर्धेत १९ वर्षांखालच्या मुलांचा आमचा संघ हरला होता आणि बस अर्धी आमच्याच पोरांनी भरलेली होती. माझ्या शेजारी संघातला सगळ्यात उंच मुलगा बसला होता. सहा फूट तीन इंच. गुडघे पुढच्या सीटला टेकलेले, बॅग मांडीवर. अहमदपूर येईपर्यंत तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "भाई, मैं कितने मिनट खेला?"

मी म्हणालो, माहीत नाही.

"ग्यारा," तो म्हणाला. त्याने मोजली होती. त्या अकरा मिनिटांत चेंडू चार वेळा त्याच्या हातात आला, हेही त्यानेच सांगितलं. त्यातले दोन वेळा तर त्याने स्वतः रिबाउंड घेतला म्हणून. म्हणजे सोबत्यांनी त्याला चेंडू दिला तो दोनदा.

लोहा आलं, तो झोपला. मला झोप लागली नाही. रागात लिहू नये म्हणतात, म्हणून पंधरा दिवस थांबलो. राग गेलेला नाही.

आधी हिशोब मांडतो, कारण आमच्याकडे बास्केटबॉलच्या चर्चेत हिशोब सोडून सगळं असतं. सामना चाळीस मिनिटांचा, दहा-दहाचे चार भाग. मैदानावर पाच जण. पाच गुणिले चाळीस म्हणजे एका संघाकडे वाटायला दोनशे मिनिटं. यादीत बारा मुलं. आमच्या बारांत सात जण सेंटर किंवा पॉवर फॉरवर्ड, म्हणजे रिंगखालचे. तिघे मधले, कुठेही चालवून घेतले जाणारे. आणि चेंडू हातात घेऊन मैदान पार करू शकणारे खरे गार्ड दोन. रिंगखाली एका वेळी दोघं उभे राहतात असं धरलं, तर त्या दोन जागांची मिळून ऐंशी मिनिटं होतात. सात जणांत ऐंशी मिनिटं. प्रत्येकाला सव्वाअकरा-साडेअकरा. माझ्या शेजारच्या मुलाची अकरा मिनिटं हा कुणाचा अन्याय नव्हता, तो साधा भागाकार होता. अन्याय त्याच्या आधी, यादी करताना झाला होता.

आणि दुसऱ्या टोकाला ते दोन गार्ड. दोघेही चाळीसच्या चाळीस मिनिटं मैदानावर. तिसऱ्या भागात समोरच्या संघाने पूर्ण मैदानावर प्रेस लावला. आठ सेकंदांत चेंडू मध्यरेषेच्या पुढे न्यावा लागतो, नाहीतर चेंडू जातो. पहिल्या अर्ध्यात आमच्या गार्डने तो नेला, कारण पायात दम होता. तिसऱ्या भागात दम संपला. सर बाजूरेषेवरून ओरडत होते, "लंबूला दे, लंबूला दे!" लंबू रिंगखाली हात वर करून उभा होता. चेंडू लंबूपर्यंत पोचायला मधे वीस मीटर होते आणि ते वीस मीटर पार करणारं कुणी उरलं नव्हतं. आम्ही उंचीत कमी पडलो नाही. आम्ही त्या दिवशीच्या स्पर्धेतला सगळ्यात उंच संघ होतो. आणि सोळा गुणांनी हरलो.

यावर सरांचं म्हणणं मला माहीत आहे, कारण ते मी वीस वर्षं ऐकतोय. "उंची शिकवता येत नाही, बाकी सगळं शिकवता येतं." वाक्य ऐकायला भारी आहे. प्रश्न एवढाच, की बाकी सगळं शिकवलं कधी?

आमच्या भागात संघ कसा बनतो ते बघा. जून-जुलैत शाळा, कॉलेज सुरू होतं. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी साखळी डोक्यावर असते. क्रीडाशिक्षक एकटा, खेळ दहा-पंधरा, त्यात निवडणुकीची कामं, जनगणना, परीक्षा. त्याला दोन महिन्यांत बारा नावं द्यायची असतात. तो वर्गावर्गांतून फिरतो आणि उंच मुलं उचलतो. कुणी व्हॉलीबॉलचा, कुणी गोळाफेकीचा, कुणी नुसताच उंच. त्याला रिंगखाली उभं करतो. हात वर कर, चेंडू आला की घे, टाक. जिल्ह्यापुरतं हे पुरतं. जिल्ह्यात समोरचेही तसेच असतात, आणि ज्याचे लंबू जास्त तो जिंकतो. मी त्या शिक्षकाला दोष देत नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. खरं तर केलंच आहे. कॉलेज संपल्यावर तीन वर्षं मी एक संघ सांभाळला, तेव्हा माझ्याही यादीत सहा सेंटर होते आणि जिल्ह्याचा चषक घरी आणल्याचा मला फार अभिमान होता.

गार्ड मात्र दोन महिन्यांत बनत नाही. डावा हात उजव्यासारखा चालायला वर्षं लागतात. न बघता चेंडू आपटायचा, मान वर ठेवून सगळं मैदान वाचायचं, अंगावर दोघं आले की चेंडू कुठून सोडायचा, हे दहाव्या-अकराव्या वर्षी सुरू करावं लागतं. आणि त्यासाठी एक वस्तू लागते, जिच्याबद्दल आमच्या क्रीडाचर्चेत कुणी बोलत नाही. चेंडू. स्वतःचा चेंडू.

शाळेत एका चेंडूवर बारा मुलं असतात. उन्हात तापलेल्या सिमेंटवर आपटून आपटून त्याची पकड गेलेली असते, बिब्बा घासावा तसा गुळगुळीत झालेला असतो. एका तासात एका मुलाच्या वाट्याला पाच मिनिटं चेंडू. त्यात हात तयार होत नाही. हात तयार होतो घराच्या गच्चीवर, अंगणात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये. बरा रबरी चेंडू हजाराच्या आतबाहेर मिळतो. ज्याच्या बापाने सहावीत तो घेऊन दिला आणि ज्याच्या घराला अंगण होतं, तो मुलगा नववीत गार्ड असतो. ज्याला चेंडू मिळालाच नाही, तो संघात येतो फक्त एका कारणाने. तो उंच निघाला म्हणून.

आता मला जे बोलायचं आहे ते बोलतो. देगलूर नाका, इतवारा, पीर बुऱ्हाननगर, तिकडे लातूरला खोरी गल्ली, या भागांतली गेल्या दहा-बारा वर्षांत संघात आलेली जितकी पोरं मला आठवतात, ती जवळजवळ सगळी सेंटर आहेत. एकही गार्ड मला चटकन आठवत नाही. आमच्या मोहल्ल्यात उंच पोरंच जन्मतात असं नाही. बुटकी, चपळ, लग्नाच्या मांडवात खुर्च्यांमधून सुसाट पळणारी पोरं गल्लीगल्लीत आहेत. त्यांना कुणी बघत नाही, कारण बघायला येणाऱ्याच्या हातात फूटपट्टी असते. उंच पोरगा दिसतो. उचलला जातो. त्याला सांगितलं जातं, धक्के खा, स्क्रीन लाव, रिबाउंड काढ, फाऊल कर. खेळाचं डोकं दुसऱ्याकडे, अंग याचं. काही लोक याला कट म्हणतील. मी म्हणत नाही. कट करायला निदान विचार करावा लागतो. इथे कुणी विचारच केलेला नाही. आणि हे फक्त मुसलमान पोरांचंही नाही. मुखेड-कंधारकडून वसतिगृहात आलेला उंच मुलगा, मग तो कुठल्याही जातीचा असो, त्याच रिंगखाली उभा केला जातो.

सातव्या सेंटरचं काम काय असतं हे ज्याने बेंचवर बसून पाहिलं नाही त्याला कळणार नाही. एका खेळाडूला पाच फाऊल. सात सेंटर म्हणजे पस्तीस फाऊल. सहावा आणि सातवा हा फाऊलचा साठा असतो. समोरचा चांगला खेळाडू तापला की त्याला आत पाठवायचं, दोन मिनिटांत तीन फाऊल करवून घ्यायचे, बाहेर बोलवायचं. सतरा वर्षांच्या पोराला आपण हे सांगतो की संघात तुझी जागा आहे.

पण सगळ्यात मोठी फसवणूक उंचीची आहे, आणि ती माझ्या शेजारच्या मुलाची झाली म्हणून हा लेख.

सहा-तीनचा मुलगा नांदेडमध्ये सेंटर असतो. लातूरमध्ये सेंटर असतो. राज्याच्या निवड चाचणीला गेला की तो तिथे एकाएकी बुटका होतो. तिथे सेंटर सहा-सहा, सहा-सातचे असतात. देशपातळीवर त्याहून वर. भारताकडून खेळलेला अमृतपाल सिंग सहा फूट दहा इंचांच्या घरातला. पंजाबच्या बल्लो के गावचा सतनाम सिंग, ज्याला २०१५ साली डॅलसच्या संघाने ५२ व्या क्रमांकावर निवडलं आणि जो एनबीएच्या निवडीत नाव येणारा पहिला भारतीय ठरला, तो सात फूट दोन इंच. आणि विशेष भृगुवंशी, ज्याने भारताचं कर्णधारपद केलं, तो सहा फुटांपेक्षा चांगलाच उंच असून गार्डच्या जागी खेळतो. म्हणजे आमच्या सहा-तीनच्या मुलाची पुढे जाऊन एकच जागा आहे, ती बाहेर, चेंडू हातात घेऊन. आणि ती एकच गोष्ट आम्ही त्याला शिकवली नाही. चाचणीत त्याला विचारलं, कुठे खेळतोस? तो म्हणाला, सेंटर. निवडणारे एकमेकांकडे बघून हसले. मग त्याला ड्रिबल करत जायला सांगितलं. चौथ्या पावलाला चेंडू त्याच्याच पायावर आपटून बाहेर गेला.

आम्ही त्याला ज्या जागेसाठी तयार केलं ती जागा लातूर विभागाच्या हद्दीबाहेर अस्तित्वातच नाही. अहमदपूरच्या गाडीतून पुढे गेलं की संपते.

यातली गंमत अशी, की घाई करायचीच असेल तर ती सेंटरच्या बाबतीत करायची गरजच नसते. अमृतपाल सिंग आधी कबड्डी खेळायचा, बास्केटबॉलकडे वळला तो विशीच्या उंबरठ्यावर. हकीम ओलाजुवान लागोसमध्ये हँडबॉल आणि फुटबॉल खेळत मोठा झाला, बास्केटबॉल हातात घेतला तेव्हा तो पंधरा वर्षांच्या आसपासचा होता. पुढे रिंगखाली त्याच्यासारखं पदलालित्य कुणाचं झालं नाही, आणि ते फुटबॉल-हँडबॉलमधून आलेलं होतं. म्हणजे रिंगखालचं काम उशिराही शिकता येतं, बाहेरचं येत नाही. आम्ही नेमकं उलटं करतो. चौदाव्या वर्षी पोराला रिंगखाली पुरतो आणि एकोणिसाव्या वर्षी म्हणतो, याला हाताळणी नाही.

"उंच मुलाला ड्रिबल जमत नाही हो, चेंडू जमिनीपासून फार लांब असतो." हेही मी ऐकलंय, एका पंचांच्या तोंडून, चहाच्या टपरीवर. त्यांना मी निकोला योकिचचं नाव सांगितलं. सर्बियाचा, सात फुटांना एक इंच कमी, जागा सेंटरची, आणि डेन्व्हरच्या संघाचे सगळे पास याच्या हातातून. २०१६ च्या मोसमात डेन्व्हरकडेही आमच्यासारखाच पेच होता. योकिच आणि युसुफ नुर्किच, दोघं तरुण, दोघं सेंटर, दोघं चांगले. आधी दोघांना एकदम खेळवून पाहिलं, अडखळले. मग काही दिवस योकिच बेंचवर. शेवटी डिसेंबर २०१६ मध्ये निर्णय झाला की संघ योकिचभोवती बांधायचा, आणि २०१७ च्या फेब्रुवारीत नुर्किच पोर्टलंडला गेला. तिथे त्याला त्याची मिनिटं मिळाली. डेन्व्हर २०२३ ला विजेता झाला. पंच म्हणाले, ते अमेरिकेत. मी म्हणालो, तो मुलगा सर्बियातल्या सोंबोर गावचा आहे. सोंबोर लोकसंख्येने नांदेडपेक्षा कितीतरी लहान आहे.

याच्या उलटं उदाहरण फिलाडेल्फियाचं. २०१३ ला त्यांनी नर्लन्स नोएल घेतला, २०१४ ला जोएल एम्बीड, २०१५ ला जहलील ओकाफोर. लागोपाठ तीन वर्षं तीन सेंटर, सगळे वरच्या क्रमांकाचे. २०१५-१६ च्या मोसमात संघाने ८२ पैकी १० सामने जिंकले. एम्बीड त्या वेळी दुखापतीने बाहेर होता हे खरं, आणि त्या संघाचं हरणं थोडंफार ठरवूनही होतं. पण उरलेल्या दोघांनाही एकत्र खेळवता येईना, कारण दोघांना एकाच जागी उभं राहायचं होतं. नोएल २०१७ च्या फेब्रुवारीत गेला, ओकाफोर त्याच वर्षी डिसेंबरात. करोडो डॉलर पगार देणाऱ्यांना जो पेच सुटला नाही तो आमच्या क्रीडाशिक्षकाला सुटावा अशी अपेक्षा मी करत नाही. पण पेच आहे, एवढं तरी मान्य करा. आमच्याकडे सात सेंटर असणं ही श्रीमंती समजली जाते.

दोन उंच एकत्र चालतच नाहीत असंही माझं म्हणणं नाही. ह्युस्टनने १९८४ पासून राल्फ सॅम्पसन आणि ओलाजुवान यांना जोडीने खेळवलं, एक सात-चार, एक सात फूट, आणि १९८६ ला अंतिम फेरीपर्यंत गेले. पण सॅम्पसनला रिंगपासून लांब, समोर तोंड करून खेळता येत होतं, चेंडू हाताळता येत होता. दोघांतल्या एकाला तरी बाहेर जगता आलं पाहिजे, एवढीच अट आहे. आमच्या सातांत ती अट पूर्ण करणारा एकही नाही, आणि सातही पोरांचे हात जन्मतः दगडी आहेत हे मला मान्य नाही.

मग मिनिटांकडे येऊ. "सगळ्यांना सारखी मिनिटं द्यायची का? हा काय लंगर आहे?" असं मला एकाने विचारलं. नांदेडात राहून लंगरचं उदाहरण टोमणा म्हणून वापरावं याचंच मला आधी आश्चर्य वाटलं. पण नाही, सारखी नाही. मी सारखी मिनिटं मागत नाही. मी ठरवलेली आणि सांगितलेली मिनिटं मागतोय.

दोनशे मिनिटं अशी वाटा: पहिल्या पाचांना प्रत्येकी चोवीस, झाली एकशेवीस. पुढच्या चौघांना चौदा-चौदा, छप्पन्न. शेवटच्या तिघांना आठ-आठ, चोवीस. बेरीज दोनशे. सुरुवातीच्या फेऱ्यांत वेळ कमी ठेवतात, तेव्हा त्याच प्रमाणात कमी करा. दोन गार्डना चोवीस-चोवीस म्हणजे अठ्ठेचाळीस; आठ मिनिटं दोघं सोबत, उरलेली बत्तीस मिनिटं दोघांतला एक तरी मैदानावर, आणि एकाचे पाय कायम ताजे. त्या बत्तीस मिनिटांत चेंडू वर न्यायला दुसरा हात लागतो. तो हात सातांपैकी ज्या दोघांची पकड बरी आहे त्यांच्यातून काढा. त्यांना रिंगखालून बाहेर आणा, तिसऱ्या क्रमांकाच्या जागेवर, स्मॉल फॉरवर्ड म्हणून. पहिल्या महिन्यात चेंडू पायावर आपटेल. आपटू दे. जिल्ह्याच्या पहिल्या फेरीत वीस गुणांनी पुढे असताना आपटला तर काय बिघडतं? तिथे शिकवलं नाही तर विभागात प्रेस लागल्यावर शिकवणार का?

आणि त्या शेवटच्या तिघांची आठ मिनिटं दुसऱ्या भागात द्या, सामना जिवंत असताना. सामना हरल्यावर शेवटच्या दीड मिनिटात बेंच रिकामा करायचा, ही दया पोरांना कळते. ती उठताना एकमेकांकडे बघत नाहीत.

लहानांच्या खेळात तर जगाने हे कधीच मान्य केलंय. फिबाच्या मिनी बास्केटबॉलच्या नियमांत प्रत्येक मुलाने दहा-दहा मिनिटांचे दोन भाग खेळलेच पाहिजेत, अशी अट घातलेली आहे. आमच्याकडे चौदा वर्षांखालच्या सामन्यातही पाच पोरं चाळीस मिनिटं पळतात आणि सात पोरं बाटल्या धरतात.

यामागे प्रमाणपत्र आहे हे न सांगता पुढे जाणं ढोंगीपणा होईल. दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. प्रमाणपत्र यादीतल्या बाराही जणांना मिळतं, खेळलेल्यालाही आणि बाटली धरलेल्यालाही. म्हणून आठव्यापासून बाराव्या नावापर्यंत काय चालतं ते दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक पालकाला ठाऊक आहे, फोन कुणाचे येतात तेही. मला सवलत नको असं नाही. ज्या घरात ट्यूशनला पैसे नाहीत तिथे ते गुण फार मोलाचे असतात. पण प्रमाणपत्रावर मिनिटं लिहा. पूर्ण स्पर्धेत किती मिनिटं खेळला, एवढा एक आकडा. गुणफलकावर बसलेला माणूस गुण आणि फाऊल लिहितोच, आणि कोण मैदानावर उतरला त्याची खूणही करतो. आणखी एक रकाना. बारावं नाव आपोआप खेळणाऱ्याचं होईल.

दुसरी गोष्ट शिकवण्यांची. लातूर पॅटर्नचं कौतुक मीही करतो, माझी भाची त्यातूनच डॉक्टर होतेय. पण या पॅटर्नने आमचे गार्ड खाल्ले. सहावीपासून चेंडू असलेला, हात तयार झालेला मुलगा बहुतेक वेळा अशा घरचा असतो जिथे नववी संपली की चेंडू माळ्यावर जातो आणि नीटची पुस्तकं खाली येतात. तो जातो. त्याच्या जागी आलेला नसतो कुणी, कारण त्याच्यामागे कुणाला तयारच केलेलं नसतं. राहतात ते उशिरा आलेले, उंच. संघ उंच पोरांनी भरतो तो असा. आम्ही मात्र समजतो, यंदा मराठवाड्याची पोरं चांगली वाढली.

रमजानचं थोडं बोललं पाहिजे. स्पर्धा पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत असतात, त्यामुळे सध्या रोजे स्पर्धेच्या आड येत नाहीत. पण फेब्रुवारी-मार्चमधले सराव त्यात येतात, आणि पुढच्या वर्षी कोण कुठे खेळणार हे त्या सरावात ठरतं. रोजा असलेला पोरगा चार वाजता येतो. सर प्रेमाने म्हणतात, "तू बस बेटा, पाणी पण पीत नाहीस." पोरगा बसतो. महिनाभर बसतो. बाकीचे महिनाभर चेंडू आपटतात. ईदनंतर तो येतो तेव्हा हात सगळ्यात मागे, उंची तेवढीच. मग परत रिंगखाली. ओलाजुवानने १९९५ चा फेब्रुवारी रोजे ठेवून खेळला आणि त्याच महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, ही गोष्ट आमच्या पोरांना तोंडपाठ आहे. पण मी तसली हिंमत मागत नाही. पळायला लावू नका, एका जागी उभं करून दोन्ही हातांनी चेंडू आपटायला लावा. अर्धा तास. तेवढ्याला रोजा आड येत नाही. आणि पोरांनाही सांगतो, रोजा हे बसून राहण्याचं कारण म्हणून वापरू नका. काही जण वापरतात. मीही वापरलंय.

मुलींचं चित्र उलटं आहे, आणि तेवढंच वाईट. तिथे बारा जणी मिळतच नाहीत. सात-आठ येतात, पाच जणी चाळीस मिनिटं खेळतात, चौथ्या भागात एकीचा घोटा मुरगळतो. आमच्याकडून एक उंच मुलगी दोन वर्षं यायची, डोक्याला रुमाल बांधून. एका सामन्यात तिला रुमाल काढायला सांगितलं, ती निघून गेली, पुन्हा आली नाही. फिबाने डोकं झाकण्यावरची बंदी १ ऑक्टोबर २०१७ पासून उठवली आहे. त्याआधी, २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत, याच कारणाने कतारच्या मुलींचा संघ न खेळता परतला होता. नियम बदलला, तरी आमच्या मैदानापर्यंत पोचायला त्याला लातूर-नांदेड एसटीपेक्षा जास्त वेळ लागतोय. ती मुलगी डाव्या हाताने सहज ड्रिबल करायची. आमच्या सात सेंटरपैकी एकालाही ते जमत नाही.

काही लोकांना वाटेल, जिथे धड मैदान नाही तिथे हा जागांचा आणि मिनिटांचा काथ्याकूट कशाला. नांदेडला गुरू गोविंदसिंगजींच्या नावाची अखिल भारतीय हॉकी स्पर्धा होते, देशभरातून संघ येतात. मैदान भरलेलं असतं, लोक खेळ बघतात, खेळाडूची जागा आणि बदली यावर वाद घालतात. खेळ समजणारं गाव आहे हे. मग स्वतःच्या पोरांच्या खेळाबद्दल बोलताना "चांगला उंच आहे" याच्या पुढे आपलं वाक्य का जात नाही?

सहा-तीनच्या त्या मुलाला मी परवा चेंडू घेऊन दिला. नवा नाही, माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांच्या मुलाचा, जो आता नीटच्या तयारीला लागलाय. पहाटे फजरनंतर तो शाळेच्या मागच्या रस्त्यावर डाव्या हाताने आपटत जातो आणि येतो. एकोणीस पूर्ण व्हायला त्याला सात महिने आहेत. गार्ड होणार नाही तो, उशीर झालाय. पण त्याचा लहान भाऊ त्याच्यामागे पळत जातो, दहा वर्षांचा, ठेंगणा, आणि मोठ्याच्या हातून चेंडू सुटला की आधी तोच पकडतो.

पुढच्या सामन्याला मी वही घेऊन बसणार आहे. बारा नावं, प्रत्येकापुढे दोन रकाने, मिनिटं आणि चेंडू किती वेळा हातात आला. ज्या सरांना हा लेख पटला नाही त्यांनी शेजारी येऊन बसावं, दुसरी वही मी आणतो.